हय माणसां चढतत

भाऊबीज म्हणजे कार्तिकाची द्वितीया. अमावस्या होऊन दोनच दिवस झालेले, पाणी उधाणाचं. वडिलांनी शिकवलेला हिशेब असा की तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. दोनाची पाऊणपट दीड. आमच्या बंदरात पाणी त्याच्या थोडं आधीच भरतं, पण अंदाजाला हा हिशेब पुरतो. म्हणजे दुपारनंतर सुकती (ओहोटी) लागणार आणि चार-साडेचारला, किल्ल्यावरून परतणाऱ्यांची झुंबड उडते त्याच वेळी, पाणी जोरात उतरत असणार. सकाळीच मी खलाशाला म्हटलं होतं, आज परतीच्या फेऱ्या सांभाळून.

मालवणच्या जेट्टीवरून सिंधुदुर्ग किल्ला दहा-पंधरा मिनिटांवर. कुरटे बेटावर महाराजांनी १६६४ साली तो बांधायला घेतला आणि दरवाजा असा लपवला की जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. आम्ही मात्र रोज त्याच दरवाजासमोर होडी लावतो. इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं मत पक्कं झालंय: भर पाण्यात होडीला जेवढा धोका नसतो, तेवढा धक्क्याला लागलेल्या होडीला असतो. एका बाजूला हलणारं फायबर, दुसऱ्या बाजूला न हलणारा दगड, आणि मधे माणसाचा पाय नाहीतर हात.

म्हणून आमच्याकडे माणसं चढवायची रीत ठरलेली आहे. लाइफ जॅकेट धक्क्यावरच घालायचं. पिशव्या, काठ्या, छत्र्या आधी खलाशाकडे द्यायच्या, दोन्ही हात मोकळे हवेत. होडी लाटेवर वर येऊन क्षणभर थांबते तेव्हा पाऊल टाकायचं, खाली जाणाऱ्या होडीत कधीच नाही. खलाशाने चढणाऱ्याचा पंजा धरायचा नाही, मनगट धरायचं. ओला पंजा निसटतो. आत आलेल्याने उभं न राहता फळीवर बसून सरकायचं, एक डावीकडे, एक उजवीकडे. होडीवर रंगवलेला आकडा भरला की बास, मग कोणी कितीही विनवण्या करो, पोर मांडीवर घेतो म्हणो. मांडीवरचं पोरही माणूसच.

त्या दिवशी कोल्हापूरकडचं एक मोठं कुटुंब आलं होतं. आजी सत्तरीच्या पुढच्या, नऊवारी नेसलेल्या, सणाच्या म्हणून दोन्ही हातांत नव्या हिरव्या बांगड्या. समुद्र जन्मात पहिल्यांदा बघत होत्या. सकाळी चढण्याआधी त्यांनी वाकून पाण्याला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि मगच पाऊल होडीत टाकलं. मला बरं वाटलं. नारळी पौर्णिमेला आम्ही नारळ घालतो तेव्हा आमचाही हात असाच कपाळाकडे जातो.

परतीला त्यांच्यातली बारा माणसं बसली होती. आजी शेवटून दुसऱ्या. पाणी इतकं उतरलं होतं की खालची शेवाळलेली पायरी उघडी पडली होती. खलाशाने त्यांचं उजवं मनगट धरलेलं, मी मागे मशीनपाशी. आजींचा एक पाय आत आला, आणि तोल सावरायला त्यांनी डावा हात काठावर ठेवला. चार बोटं बाहेरच्या अंगाला, दगडाकडे.

तेवढ्यात दुसरी होडी आली. रिकामी, पुढची पाळी पकडायला, मशीन पूर्ण ओढलेलं. मी ओरडलो, "हळू घे रे! हय माणसां चढतत!" त्याने मशीन पाडलं, वेग एकदम तोडला. पण भरधाव होडीचं मशीन एकदम पाडलं की तिच्या मागची लाट तिला गाठून पुढे निघते. त्याची होडी थांबली, लाट आमच्यापर्यंत आली.

आमची होडी उचलली गेली आणि धक्क्यावर आदळली. पहिला आवाज आला तो बांगड्यांचा.

पुढे आणि मागे टायर बांधलेले होते. मधला टायर नव्हता. सकाळी त्याचा दोर तुटला होता आणि मी म्हटलं होतं, दुपारी बांधू. दुपारी गर्दी झाली. आणखी एक गोष्ट माझ्याकडून राहिली. "हात आत ठेवा" हे मी सगळ्यांना चढल्यावर सांगायचो. सांगायचं ते पायरीवर, पाऊल उचलायच्या आधी. अर्ध्यावर असलेला माणूस ऐकत नाही, तो फक्त धरायला काहीतरी शोधत असतो.

मधलं आणि त्याच्या शेजारचं, अशी दोन बोटं चिरडली होती. शेजारच्या बोटात अंगठी होती. कुणाच्या तरी पिशवीतलं खोबरेल लावून सूज चढायच्या आत ती हळूहळू काढली. पिण्याचं पाणी ओतलं, मनगटात रुतलेल्या काचा उचलल्या, सुनेच्या ओढणीत हात गुंडाळून छातीशी वर धरायला लावला. आजी एकदाही ओरडल्या नाहीत. जेट्टी जवळ आल्यावर मला म्हणाल्या, "माझ्यामुळं खोळंबा झाला न्हवं तुमचा." मला उत्तर देता आलं नाही. एक्स-रेमध्ये एका बोटाचं हाड मोडलेलं निघालं. दुसऱ्याच्या नखावर निभावलं.

दुसऱ्या होडीचा तांडेल रात्री माझ्या घरी आला. ओळखीचाच आहे. सप्टेंबरात त्याची होडी पाण्यात ढकलायला मीही खांदा दिला होता. पावसाळ्यात आमच्या होड्या वर काढलेल्या असतात, झावळ्यांखाली. हंगाम उघडायच्या आधी त्या ओंडक्यांवरून खाली न्यायच्या तर वीस-पंचवीस माणसं लागतात, आणि त्यात एक शिस्त असते. होडीतलं सामान, इंधन, दोर, सगळं वर कोरड्यावरच लावून तयार ठेवायचं. होडी पाण्याच्या कडेला आणून मग नांगर शोधत बसायचं नाही. मागे दुसरे थांबलेले असतात. आणि आपली होडी तरंगली म्हणून घरी जायचं नाही. शेवटची जाईपर्यंत सगळे कंबरभर पाण्यात. ही शिस्त त्याने माझ्याइतकीच पाळलेली आहे. म्हणून मला त्याचा राग कमी आणि वाईट जास्त वाटत होतं. वाळूवर जो माणूस दुसऱ्याच्या होडीला खांदा लावतो, तोच धक्क्यावर पाळीसाठी मशीन ओढतो. नऊ महिन्यांत वर्षाचं पोट भरायचं, त्यात दिवाळीचे आठ-दहा दिवस. ती घाई मलाही कळते.

तो ओट्यावर बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "माका माझी लाट दिसाकच नाय."

खरं होतं ते. मशीन धरलेल्याचं तोंड पुढे असतं. मी त्याला टायरचं सांगितलं. वडिलांचं बोलणंही सांगितलं, जे ते आम्हा पोरांना रोज ऐकवायचे: "दुसऱ्याची होडी भरतासताना आपला मशीन वाजूक नये." त्यांच्या वेळी वल्ह्याच्या होड्या जास्त. तरी मशीन आल्याआल्या त्यांनी हे धरलं होतं. आम्ही ते कधी सोडलं, मला सांगता येणार नाही. गर्दी वाढत गेली तसं सुटत गेलं असावं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीच्या आधी आम्ही दोघे मिळून बाकीच्यांशी बोललो. किल्ल्याच्या धक्क्याला एक होडी भरत असेल तर दुसऱ्याने बाहेर थांबायचं. भरणाऱ्या होडीच्या खलाशाने हात वर केला की मगच आत यायचं, तेही सावकाश. दोघंतिघं कुरकुरले, की बाहेर थांबलो तर सुकती खडकावर नेते. बोलणं चुकीचं नव्हतं, तिथे खडक आहेतच. शेवटी कोणी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. मी घरी जाऊन चार टायर आणले आणि जाड दोराने बांधून घेतले, प्रत्येकाला दोन गाठी.

त्या दुपारी पुन्हा तीच वेळ, तीच उतरती. पायरीवर उभा राहून मी एकेकाला सांगत होतो, "हात आत, काठ धरायचा नाही, मला धरा." मधेच मान वर केली. तो बाहेर थांबलेला, मशीन बंद. सुकती त्याला खडकाकडे ओढत होती आणि त्याचा खलाशी उभ्याने वल्हं मारून होडी जागच्या जागी धरून होता, माझा शेवटचा माणूस बसेपर्यंत.