मुलांचा कॅन्सर तिकडे जास्त, इकडे कमी? तुम्ही विचारलंत म्हणून

"अमेरिका-युरोपात लहान मुलांना कॅन्सर जास्त होतो, आपल्याकडे कमी. म्हणजे आपलं खाणंपिणं चांगलं, नाही का?" लग्नाच्या पंगतीपासून पालकसभेपर्यंत हा प्रश्न येतो. आणि इथे गोव्यात एखाद्या गावात वर्षभरात तीन मुलांना कॅन्सर झाला की तेच लोक विचारतात, "खाणींमुळे ना? की मासळी टिकवायला मारलेल्या फॉर्मेलिन रसायनामुळे?" दोन्ही वेळा नोंदलेला आकडा म्हणजेच आजार असं धरून चालतात. माझं भांडण तिथेच आहे.

2001 ते 2010 या काळात जगभरच्या कॅन्सर-नोंदवह्यांतून निघालेला नव्या रुग्णांचा दर चौदा वर्षांपर्यंतच्या दर दहा लाख मुलांमागे वर्षाला सुमारे 140 होता. भारतातल्या जुन्या नोंदींत तो ठिकाणानुसार 38 ते 124 दिसतो. पुढे 2012–16 च्या अहवालात दिल्लीच्या मुलग्यांचा दर 203 आणि मुलींचा 125 आला. एकाच देशात एवढी तफावत खाण्यापिण्यानं पडत नाही. मुलगे-मुलींमधली दरी तर नाहीच नाही. पाश्चात्त्य देशांतही मुलगे थोडे जास्त असतात, पण इतके नाहीत. मुलीला इस्पितळात नेलंच नाही तर तिचा आजार कुठल्याच वहीत येत नाही. हे लिहितानाही राग येतो.

नोंद होईपर्यंतची वाट लांब आहे. फिकट पडलेल्या, तापानं फणफणलेल्या मुलाचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, व्हायला हवा, रक्ताची स्लाइड जाणकारानं बघायला हवी, मग अस्थिमज्जेची तपासणी. पावसाळ्यात हा ताप डेंगी किंवा टायफॉइड ठरतो. मध्येच कुणी स्टेरॉइड दिलं तर ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, पेशी काही काळ दिसेनाशाही होतात. मेंदूच्या गाठीला तर स्कॅनच लागतो; तोवर सकाळची डोकेदुखी आणि उलटी पित्तावर जाते. म्हणून कुठल्याही देशाचे आकडे आले की मी आधी मेंदूच्या गाठी बघते. जगभरच्या नोंदींत पाच ल्युकेमियांमागे साधारण तीन मेंदूच्या गाठी असतात. एकच दिसली, तर पहिला संशय स्कॅनच्या टंचाईवर.

याच्या उलटही घडतं, आणि ते जपानात घडलं. न्यूरोब्लास्टोमा ही अगदी लहान मुलांची गाठ, बहुधा मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत होणारी. तिच्यामुळे लघवीत व्हीएमए आणि एचव्हीए ही द्रव्यं वाढतात. वयाच्या पहिल्या वर्षानंतर सापडणारी गाठ बरेचदा पसरलेली असते, म्हणून ती आधीच शोधू, हा विचार बिनतोड वाटला. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून जपाननं देशभर सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासायला घेतली. गाठी भराभर सापडू लागल्या, तान्ह्या बाळांमधला दर चढला, सापडलेली बाळं जगतही होती. पण मोठ्या मुलांमधल्या पसरलेल्या गाठी अपेक्षेइतक्या घटल्या नाहीत. सापडत होत्या त्यांतल्या कितीतरी आपोआप विरून गेल्या असत्या. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतानं तीन आठवडे आणि सहा महिन्यांच्या वयात, जर्मनीनं वर्षाच्या सुमारास हीच तपासणी करून न तपासलेल्या मुलांशी तुलना केली. 2002 साली दोन्ही निष्कर्ष आले: मृत्यू घटले नव्हते. जपाननं 2004 मध्ये तपासणी थांबवली. तोवर ज्यांना काहीच करायला नको होतं अशा बाळांवर शस्त्रक्रिया झाल्या, किमोथेरपी झाली. जर्मनीत उपचारांच्या गुंतागुंतीनं काही मुलं गेली. पुढच्या एका जपानी विश्लेषणात तपासलेल्या पिढ्यांमधले मृत्यू कमी दिसले, त्यामुळे वाद अजून पुरता मिटलेला नाही.

मग सगळा फरक मोजणीचाच का? एके काळी मी तसं ठासून सांगायचे. आज सांगणार नाही. आफ्रिकेच्या मलेरियाग्रस्त पट्ट्यात बर्किट लिम्फोमा हा लसिकापेशींचा कॅन्सर खरोखरच जास्त आहे. मलेरिया आणि एपस्टाइन-बार विषाणू दोन्ही त्यामागे आहेत. तैवाननं 1984 पासून नवजात बाळांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला घेतली आणि मुलांमधला यकृताचा कॅन्सर घटला. दक्षिण ब्राझीलमध्ये टीपी 53 जनुकातल्या एका आनुवंशिक बदलामुळे अ‍ॅड्रिनलचा कॅन्सर मुलांत अधिक आढळतो. ल्युकेमियाचा मात्र उलगडा होत नाही. श्रीमंत देशांत दोन ते पाच वर्षांच्या वयात त्याचा ठळक उंचवटा दिसतो, गरीब देशांत तो पुसट. त्यात न झालेली निदानं किती आणि खरा फरक किती, यावर माझं मत आजही डळमळतं.

आता गोवा. चौदा वर्षांपर्यंतची मुलं तीन लाखांच्या आसपास. 140 च्या दरानं वर्षाला सरासरी 42 नवे रुग्ण, आणि निव्वळ योगायोगानं हा आकडा 30 ते 55 मध्ये हलतो. सत्तरी तालुक्याची लोकसंख्या 2011 मध्ये सुमारे 64 हजार होती. तिथे वर्षाला दोन मुलं अपेक्षित. एखाद्या वर्षी एकही नाही, एखाद्या वर्षी पाच, हे योगायोगानंही होतं, आणि बारा तालुक्यांत कुठे ना कुठे असं वर्ष येत राहणार. खाणींच्या धुळीवर संशय असेल तर जरूर तपासा, पण निदान दहा वर्षांच्या नोंदी, एकेका प्रकारचा कॅन्सर आणि वयोगट वेगळे घेऊन.

त्यासाठी नोंद पक्की हवी. दर काढताना मूल राहतं कुठे ते बघतात, उपचार कुठे झाले ते नाही. सावंतवाडी, दोडामार्ग, कारवारहून गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, आलेली मुलं गोव्याच्या दरात धरायची नसतात. मुंबईत परळच्या टाटा इस्पितळात नेलेलं डिचोलीचं मूल मात्र गोव्याचंच. केस पेपरवर मुंबईच्या नातेवाइकाचा पत्ता पडला तर ते इथल्या मोजणीतून गळतं. कायमचा पत्ता म्हणून गोव्यातलं गाव, तालुका आणि पिनकोड लिहा. नातेवाइकाचा किंवा धर्मशाळेचा पत्ता संपर्काच्या रकान्यात.