ब्लेकचरित्र : सातवं प्रकरण संपलं

मंडळी, इंग्रज कवी आणि चित्रकार विल्यम ब्लेकचं चरित्र मी लिहितोय, त्याचं सातवं प्रकरण परवा हातावेगळं केलं. आधीची सहा प्रकरणं चार महिन्यांत झाली होती, या एकट्याने दोन महिने खाल्ले.

प्रकरण फेल्फमच्या भांडणाचं. १८०० साली ब्लेक आणि त्याची बायको कॅथरीन लंडन सोडून ससेक्सच्या किनाऱ्यावरच्या फेल्फम गावात राहायला गेले. १२ ऑगस्ट १८०३ रोजी स्कोफील्ड नावाचा एक शिपाई त्यांच्या बागेत आला, बाचाबाची झाली आणि ब्लेकने त्याला दोन्ही कोपरांना धरून रस्त्यापर्यंत ढकलत नेलं. शिपायाने शपथेवर फिर्याद दिली, की हा राजाला शिव्या देतो, शिपायांना गुलाम म्हणतो. याची बायको बोनापार्टची बाजू घेते. तेव्हा फ्रेंच स्वारीची धास्ती होती, त्यामुळे राजद्रोहाचं प्रकरण उभं राहिलं. जानेवारी १८०४ मध्ये चिचेस्टरच्या कोर्टात ब्लेक निर्दोष सुटला.

पहिल्या खर्ड्यात मी ब्लेकला सरळ निरपराध कवी केलं होतं. वाचायला छान होतं, पण मनाला पटेना. राजसत्तेविरुद्धचा राग त्याच्या १७९३ च्या ‘अमेरिका’ या काव्यात उघड दिसतो. मग तो बागेत तसं काही बोललाच नसेल, हे मी कशाच्या जोरावर म्हणू? शेवटी शिपायाची फिर्याद आणि ब्लेकने त्याच आठवड्यात आपली चित्रं विकत घेणाऱ्या टॉमस बट्सला लिहिलेलं पत्र, दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. निकाल कोर्टाचा म्हणून दिला, माझा म्हणून नाही. प्रकरणाचा शेवटही बदलला: पुढे ‘जेरुसलेम’ या दीर्घकाव्यात ब्लेकने या शिपायाचं नाव दुष्ट पात्राला दिलं, तिथे आता प्रकरण थांबतं. सुटका झाली तरी तो प्रसंग त्याच्या मनातून गेला नव्हता, हे त्यातून आपोआप कळतं.

या निमित्ताने टिपणांच्या कार्डांची पद्धतही बदलली. प्रत्येक कार्डावर आता प्रसंगासोबत ‘कोणी सांगितलं’ आणि ‘किती वर्षांनी’ असे दोन रकाने आहेत. दुसऱ्या रकान्याने माझी झोप उडवली. चार वर्षांच्या ब्लेकला खिडकीत देव दिसला, ही आठवण कॅथरीनने सांगितलेली आणि रोजनिशी लिहिणाऱ्या क्रॅब रॉबिन्सनने टिपलेली, म्हणजे साठाहून अधिक वर्षांनंतरची. लंडनजवळच्या पेकहॅम राय इथे लहानग्या ब्लेकला झाडावर दिसलेले देवदूत आपल्यापर्यंत येतात ते मुख्यतः गिलख्रिस्टच्या १८६३ च्या चरित्रातून. तोवर ब्लेकला जाऊन ३६ वर्षं झाली होती. (गिलख्रिस्ट स्वतः १८६१ मध्ये वारला, पुस्तक पुरं केलं ते पत्नी ॲनने. तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.)

म्हणून पहिल्या प्रकरणात परत जाऊन ‘ब्लेकने देवदूत पाहिले’ याचं ‘पाहिल्याचं ब्लेक सांगत असे’ केलं. याहून पुढे मात्र जाणार नाही. भास, आजार, निदान असले शब्द मी वापरणार नाही. त्याला ते दिसत होतं आणि त्यावर तो आयुष्यभर काम करत राहिला, चरित्रकाराला एवढं पुरे. ‘वेडा’ हा शब्द पुस्तकात येईल तो फक्त ज्याने छापला त्याच्या तोंडी.

तो छापला रॉबर्ट हंटने, १८०९ मध्ये, लंडनच्या ‘एक्झामिनर’ साप्ताहिकात. ब्लेकने भावाच्या दुकानात वरच्या मजल्यावर स्वतःच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं होतं, त्यावरचा तो लेख. आठवं प्रकरण हेच. ब्लेकने प्रदर्शनासाठी स्वतः लिहिलेली सूची पूर्ण टिपून झाली आहे. त्यात तो जुना इंग्रज कवी चॉसर याच्या काव्यातल्या यात्रेकरूंच्या चित्रावर पानंच्या पानं लिहितो, इतकं भरभरून की आधी ते सलग दोनदा वाचलं आणि मगच पेन उचललं. हंटचा लेख मुद्दाम अजून उघडलेला नाही. आधी चित्रं ब्लेकच्या डोळ्यांनी बघून घेतो.