सत्तावीस वस्तू, एक डबा

मी खोल्या घाण करते आणि त्याचा मला पगार मिळतो. इंदूरला विजय नगरमधल्या एका लहान गेम स्टुडिओत लेव्हल डिझायनर आहे, म्हणजे गेमचे टप्पे रचते. सध्याचा गेम मोबाइलवरचा, निवांत जातीचा: मळकी खोली साफ करायची, मग पडदे, कुंड्या, दिवे लावून सजवायची. खोली आधी लखलखीत तयार होते. मळ नंतर चढतो आणि खरी मेहनत त्या मळाची असते, हे घरी अजून कुणाला पटलेलं नाही.

प्रत्येक पृष्ठभागावर मळाचा एक थर असतो आणि तो कुठे दिसायचा हे ठरवणारं एक काळं-पांढरं चित्र असतं. खेळणारा बोट घासतो तसं ते चित्र पुसलं जातं. 94 टक्के पुसलं की उरलेलं आम्हीच साफ करतो आणि टिंग वाजवतो. तसं नाही केलं तर माणूस कोपऱ्यातला एक ठिपका शोधत बसतो आणि वैतागून गेम काढून टाकतो. शिवाय मळ गोड असावा लागतो. झुरळ नको, केस नकोत, बाथरूममध्ये पिवळट तर काहीच नको. शेगडीमागचा तेलकट थर मी रामबागेतल्या आमच्या स्वयंपाकघराच्या एक्झॉस्ट पंख्याचे फोटो काढून चार दिवस रंगवला होता. क्लायंटकडून उत्तर आलं, फारच खरा वाटतो. मग तो जांभळा केला. जांभळं तेल! असो.

कचऱ्याचा डबा मात्र पूर्ण माझा. वस्तू जवळ नेली की झाकण आपोआप उघडतं, वस्तू आत खेचली जाते आणि बोटाला हलका थरथराट जाणवतो. झाकण मिटण्याचा वेग ठरवायलाच आठवडा गेला. टेस्टला, म्हणजे तयार होत असलेला गेम खेळून बघायला, येणारी माणसं त्या झाकणाशी हटकून एकदा तरी खेळतात.

त्या शनिवारी टेस्टला एक काकू आल्या होत्या. साठी उलटलेली, निवृत्त शिक्षिका, आमच्यातल्याच एकाच्या नात्यातल्या. टेस्टचा नियम असा की आपण मागे बसायचं, तोंड उघडायचं नाही, फक्त वहीत टिपायचं. सातवी खोली म्हणजे स्वयंपाकघर, उचलायच्या वस्तू सत्तावीस. फरशी, शेगडी, खिडकी त्यांनी पटापट उरकलं. मग केळ्याचं साल उचललं, डब्यापाशी नेलं. झाकण उघडलं. दुसऱ्या खेपेला रिमोटचा सेल उचलला आणि हात थांबला.

"अगं, दुसरा डबा कुठाय?"

मी गप्प.

"म्हणजे सेल पण ह्यातच? सालाबरोबर?"

इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते. इथे रस्त्यावरच्या कचराकुंड्या कधीच काढून टाकल्या. सकाळी गाणं वाजवत पिवळी गाडी येते आणि तिला वेगवेगळे कप्पे असतात: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरातला घातक कचरा आणि ई-कचरा. एकत्र करून नेलंत तर गाडीवाला सगळ्यांदेखत परत करतो, दंडही होतो. ओला कचरा देवगुराडियाला जातो. 2022 साली तिथे रोज 550 टन कचरा पचवू शकणारा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला, त्या गॅसवर शहराच्या बस चालतात. 2017 पासून वर्षामागून वर्ष स्वच्छतेत पहिला नंबर आला तो गृहिणींच्या ह्या रोजच्या निवडण्यावर, होर्डिंगवर फोटो कुणाचेही असोत.

तर काकूंनी सेल ओट्यावर ठेवला. शेजारी फुटका बल्ब. औषधाची पाकिटं वेगळी. दुधाची पिशवी सिंकमध्ये नेली, कारण ती धुवून द्यायची असते. आमच्या सिंकला पाणीच नाही, ते नुसतं चित्र. वर्तमानपत्रांचा गठ्ठा त्यांनी चक्क कपाटात ठेवायचा प्रयत्न केला. "रद्दी कुणी टाकतं का?" अकरा मिनिटांत ओट्यावर पाच ढीग झाले, इतके नीट की मीही लावले नसते, आणि किती वस्तू टाकून झाल्या ते दाखवणारी वरची पट्टी सत्तावीसपैकी चारवर अडलेली. गेमच्या लेखी त्या खोलीत काहीच साफ झालं नव्हतं.

त्यात झाडू. तो त्यांनी दाराआड आडवा ठेवला. आमची जागा ठरलेली, खिडकीजवळच्या हुकावर, उभी. झाडू घसरत परत मधे आला. तीनदा. "केरसुणी उभी नाही ठेवत गं," असं त्या फोनला म्हणाल्या, मला नाही. 'अनपॅकिंग' ह्या 2021 च्या गेममध्ये वस्तू कुठेही ठेवू देणारा पर्याय सेटिंगमध्ये आहे. तो आपल्याकडेही हवा, हे मी दोन मीटिंगांमध्ये बोलले होते. दोन्ही वेळा "अगले बिल्ड में", म्हणजे गेमच्या पुढच्या आवृत्तीत, असं ठरलं.

शेवटी काकूंनी फोन टेबलावर पालथा ठेवला. "चांगला आहे गेम. रंग छान आहेत." मग चहा घेतला आणि गेल्या.

आमच्या प्रॉडक्टवाल्याने रेकॉर्डिंग दुप्पट वेगाने पाहिलं आणि म्हणाला, "आउटलायर है, निकाल दो." म्हणजे काकू अपवाद, त्यांना आकडेवारीतून वगळा. त्याचं तर्कशास्त्र चुकीचं नाही. गेम विकला जाणार तो बाहेरच्या देशात, काकू आमच्या गिऱ्हाईक नाहीत. पण दुपारी कॉलेजातला मुलगा आला, बावीसेक वर्षांचा, तोही इंदूरचाच. तो सेल उचलून क्षणभर थांबला, कॅमेऱ्याकडे बघून ओशाळं हसला आणि टाकला. मी रेकॉर्डिंग मागे नेऊन तो थांबा मोजला: दोन सेकंद. आकडेवारीत दोन सेकंद दिसत नाहीत.

मला स्वतःचंच कळत नाहीये. घरी सासूबाईंनी चहाचा चोथा सुक्यात टाकला तर मी टोकते. त्याच हाताने ऑफिसात सत्तावीस वस्तूंची यादी केली, त्यात सेल आणि बल्ब लिहिले आणि सगळ्यांपुढे एकच डबा ठेवला. एकदाही खटकलं नाही. गेममधला कचरा दिसेनासा झाला की संपतो, म्हणूनच तो खेळताना हलकं वाटतं, हे मी नव्या मुलांना शिकवतेही. काकूंना हलकं वाटत होतं ते ढीग लावताना. चेहऱ्यावर दिसत होतं. ते मी वहीत टिपलं, पण अहवालाच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही.

सोमवारी तीन डब्यांचा कच्चा आराखडा दाखवला. "कोझी गेम है, एग्ज़ाम नहीं," असं ऐकून घेतलं. वेळापत्रकात जागा नव्हती हेही खरं. मग कुणाला न विचारता सेल आणि बल्ब यादीतून काढले. वर्तमानपत्रं राहिली, पिशवीही राहिली, सिंक कोरडंच आहे.

आज सकाळी टेस्टिंगवाल्यांकडून माझ्या नावावर तक्रार आली आहे: सातव्या खोलीत पंचवीस वस्तू उचलून झाल्या तरी पट्टी सत्तावीस मागते.