‘ट्रॅक मिळतात की हल्ली!’

संगीत नाटकाचा प्रयोग संपल्यावर चहाच्या टपरीवर एक गृहस्थ म्हणाले, “हल्ली ट्रॅक मिळतात की! हे धूड टेम्पोत घालून आणायचं कशाला?”

ट्रॅक म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेली साथ, आणि धूड म्हणजे ऑर्गन, पायाने भाता मारून वाजवायची पेटी. तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय.

ट्रॅकला वन्समोअर कळतो का? नट ऐनवेळी दोन ताना जास्त घेतो, कधी ओळच विसरतो. ऑर्गनवाला धृपदावर घोळत राहतो आणि प्रेक्षकांना पत्ताही लागत नाही. संवादाचे शेवटचे दोन-तीन शब्द हाच त्याचा क्यू. ते संपायच्या आत नटाला हलकेच षड्ज, म्हणजे गाण्याचा ‘सा’, मिळाला पाहिजे. उशीर झाला की नट हवेत! शिवाय दोन्ही पाय सतत भात्यावर. धसमुसळेपणाने पाय मारले की सूर थरथरतो.

पावसाळा तर वैरीच. लाकूड फुगतं, पट्टी दाबली की वर येत नाही आणि एकच सूर भोंग्यासारखा वाजत राहतो. मग पट्टी काढून कडेला हलका पॉलिशपेपर. सूर मुकाच झाला, तर बहुतेक वेळा रीडखाली, म्हणजे सूर काढणाऱ्या पितळी पात्याखाली, कचरा. पातळ कागद सरकवून काढायचा, पितळी जीभ वाकू न देता.

तबलजीचं दुखणं वेगळं. नायकाचा गाण्याचा सूर काळी एक, नायिकेचा काळी चार, म्हणून तबले दोन. त्यात एसीच्या कोरड्या हवेने पुडी, म्हणजे तबल्यावरचं चामडं, ताणते आणि सूर चढतो. दुसरं पद येईपर्यंत हातोडी चालूच.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ नाटक आलं तेव्हापासून गाणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. साथीदारांची नावं निदान जाहिरातीत तरी छापतो का हो आपण?