एप्रिलची छाटणी

फेब्रुवारीत गारपिटीने आमची २ एकर थॉमसन द्राक्षांची बाग २० मिनिटांत झोडपली. मणी तडकलेले, घड चिखलात. अण्णा बांधावर बसून राहिले. त्यांना दिलेला चहा तसाच गार झाला.

तरी एप्रिलमध्ये खरड छाटणी केलीच. ज्यांच्याकडे बाग नाही त्यांना सांगते, या छाटणीचं फळ घ्यायचं नसतं. नुसत्या काड्या तयार करायच्या. पण पुढच्या हंगामाचा घड याच दिवसांत काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंब फुटतो त्या जागी, धरतो, बाहेरून काहीच दिसत नाही. पाणी चुकलं, सावली दाटली, तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घडाऐवजी बाळी, म्हणजे वेलीचा नुसता तणावा, निघते. मला त्या न दिसणाऱ्या घडाची आस होती, म्हणून रोज सकाळी सहाला फुटी विरळायला जात होते. दुसरं बळ नव्हतंच.

सप्टेंबरात काड्या तपासायला नेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली चिरलेला डोळा, त्यात पांढुरका, इवलासा, पण घडच! अण्णांनी बराच वेळ वाकून पाहिलं. मग म्हणाले, "पोरी, छाटणीला माणसं कधी सांगायची?"

निर्यातीसाठी बागेची नोंदणी मी त्याच आठवड्यात करायला घेतली.