विटा मोजून सापडलेला जेलो

डिसेंबर, पहिला आठवडा

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं, की ४५० मिमीच्या फ्रेमवरचा ड्रोन आता सरळ उडतोय, फक्त व्हिडिओत थोडा जेलो आहे, म्हणजे चित्र जेलीसारखं थरथरतं. थोडा कसला, लॅपटॉपवर लावला तर द्राक्षबाग वाहत्या पाण्याखाली बुडाल्यासारखी दिसत होती. मोबाईलच्या पडद्यावर कळलं नव्हतं, एवढंच.

सामान तेच आहे. ९२० केव्हीच्या (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ९२० फेऱ्या) चार मोटर, १०४५चे (१० इंची) दोन पात्यांचे प्रॉप म्हणजे पंखे, ३एस म्हणजे तीन सेलची बॅटरी आणि १५० ग्रॅमचा जुना अ‍ॅक्शन कॅमेरा, सगळं मिळून १३५० ग्रॅम. कॅमेरा पुढे काढलेल्या ग्लासफायबरच्या ट्रेवर बसतो आणि ट्रे चार रबरी बॉलवर. उडवतो मिरजेबाहेर नात्यातल्या बागेत. ग्रीन झोन आहे, म्हणजे ड्रोनला वेगळी परवानगी लागत नाही असा भाग, उंची २५-३० मीटर, कायम नजरेच्या टप्प्यात.

नोव्हेंबरचे तीन रविवार बॅलन्सिंगमध्ये गेले. चुंबकी बॅलन्सरवर प्रॉप लावायचा, हलक्या पात्याच्या पाठीला सेलोटेपचा तुकडा चिकटवायचा. आडवा प्रॉप स्थिर राहिला की आपण खूश होतो, पण तो उभा धरूनही बघावा लागतो, कारण वजन मधल्या हबच्या एका बाजूलाही जास्त असू शकतं. माझ्या दोन प्रॉपांत दोष हबमध्येच निघाला. मग प्रॉप काढून मोटरांची पाळी. मोटर जिच्यावर बसते त्या आर्मवर आरशाचा तुकडा चिकटवला, त्यावर लेझर मारला आणि समोरच्या भिंतीवर लाल ठिपका बघत बसलो. तीन मोटरींचा ठिपका ठिपकाच राहिला, चौथीचा लांबट झाला. तिचं बेअरिंग बोटाने फिरवताना खरखरत होतं, ते बदललं.

आर्डूपायलट, म्हणजे ड्रोन उडवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या लॉगमध्ये फरक लगेच दिसला. व्हाइबचा, म्हणजे थरथरीचा, आकडा ३०च्या आत असला की चालतं, ६०च्या वर गेला की धोका. माझा आधी २८ होता, तो १४वर आला. क्लिपिंग, म्हणजे थरथर सेन्सरच्या मापाबाहेर जाणं, शून्य.

व्हिडिओ मात्र जसाच्या तसा. लॉगवर माझा इतका विश्वास, की मी कॅमेऱ्यालाच दोष देऊन मोकळा झालो होतो. पण लॉग सांगतो ते फ्लाइट कंट्रोलरच्या, म्हणजे ड्रोनच्या मेंदूच्या, जागी काय होतंय ते. तो बसलाय फ्रेमच्या मध्यावर, फोमच्या गादीवर. कॅमेऱ्याच्या जागी काय चाललंय, ते त्याला कुठून कळणार?

१० डिसेंबर

आज नवीन काही न जोडता फक्त फुटेज बघितलं. एकेक फ्रेम पुढे ढकलत.

कॅमेऱ्याचा सेन्सर फ्रेम एका दमात टिपत नाही, वरच्या ओळीपासून खाली वाचत जातो. या वाचनादरम्यान कॅमेरा हलला, की प्रत्येक ओळ जराशा वेगळ्या जागी पडते. आडवा हलला तर विजेचा खांब नागमोडी दिसतो. मान डोलावल्यासारखा वर-खाली हलला तर खांब सरळच राहतो, पण आडव्या रेषांमधलं अंतर कुठे आवळतं, कुठे सैल होतं.

बागेत पंपाची खोली आहे, गिलावा न केलेल्या विटांची. तिच्यासमोर हॉवर केलेला, म्हणजे ड्रोन हवेत एका जागी ठेवून घेतलेला, एक तुकडा होता. शेजारचा खांब काठीसारखा सरळ आणि भिंतीवरचे विटांचे थर मात्र पट्ट्यापट्ट्याने दाट, विरळ, दाट. कॅमेरा मान डोलावतोय! जेलोत एवढी माहिती असते आणि मी तीन रविवार सेलोटेप कापत बसलो होतो.

दाट पट्ट्यापासून पुढच्या दाट पट्ट्यापर्यंत सुमारे ४३५ ओळी होत्या. पण एक ओळ वाचायला कॅमेऱ्याला किती वेळ लागतो? माहितीपत्रकात ते नसतं.

११ डिसेंबर, रात्री

हे जिन्यातल्या स्वस्त एलईडी बल्बने सांगितलं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधा बल्ब सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो. कॅमेरा बल्बाच्या अगदी जवळ धरला, मधे पांढरा कागद, म्हणजे उजेड भरपूर आणि शटर वेगवान. फ्रेममध्ये आडवे काळे पट्टे आले, एकमेकांपासून ७२० ओळींवर. म्हणजे ७२० ओळी वाचायला १० मिलिसेकंद, आणि १०८० ओळींची अख्खी फ्रेम १५ मिलिसेकंदांत. (आतलं ड्रायव्हर सर्किट चांगलं असलेला बल्ब मिणमिणत नाही, त्यावर काही दिसणार नाही. आणि ज्या मोडमध्ये उडवता त्याच मोडमध्ये हे करा, मोड बदलला की हा आकडाही बदलतो.)

त्या हिशेबाने ४३५ ओळी म्हणजे ६ मिलिसेकंद. थरथर सुमारे १६५ हर्ट्झची.

आता ही १६५ येते कुठून? हॉवरचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड केलेला होता. आमच्या गल्लीत तंबोरे आणि सतारी बनवणारे काका राहतात, त्यांना तो ऐकवला. एकदाच ऐकून म्हणाले, "पांढरी तीन. आणि खाली खर्जात तोच सूर आहे की." घरी येऊन ट्यूनरवर बघितलं, पेटीची पांढरी तीन म्हणजे १६४.८ हर्ट्झ. खालचा त्याच्या निम्मा, ८२.

खालचा सूर मोटरच्या फेऱ्यांचा, मिनिटाला जवळपास ४९५०. बॅलन्स बिघडला असता तर पट्टे या ८२चे आले असते. वरचा सूर पात्यांचा. प्रॉपला दोन पाती, म्हणून एका फेरीत आर्मवरून दोनदा हवेचा धक्का. प्रॉप कितीही तोलला तरी हा धक्का राहणारच. माझा कॅमेरा नेमका त्यावर डोलत होता. बॅलन्सिंगने फरक पडणारच नव्हता.

काकांनी आणखी एक सांगितलं, "चौघं एका सुरात नाहीत, आवाज डोलतोय." बरोबर होतं. बॅटरी मागे सरकलेली, त्यामुळे मागच्या दोन मोटरी जरा जोरात फिरत होत्या. जेलो दर सेकंदाला कमी-जास्त का होतो, हे कोडं मला महिनाभर सुटलं नव्हतं. बॅटरी बोटभर पुढे घेतल्यावर डोल गेला. जेलो राहिला, पण एकसारखा.

१४ डिसेंबर

संशय ट्रेवर. ग्लासफायबर दीड मिलिमीटर, आणि कॅमेरा पुढच्या बॉलच्याही ६० मिलिमीटर पुढे लटकलेला. पोहण्याच्या तलावावरची उडी मारायची फळीच ती. तिची स्वतःची कंपनं १६५च्या आसपास असतील, तर एक सूर छेडला की सतारीतली तरफेची तार आपोआप झणझणते, तसं होणार.

तपासायला पाच रुपयांची चार नाणी घेतली. पितळी रंगाची, स्वयंपाकघरातल्या काट्यावर चारही मिळून २४ ग्रॅम. कॅमेऱ्याखाली टेपने बांधली. वजन वाढलं की फळीचा सूर उतरतो.

हॉवरमध्ये जेलो जवळजवळ नाहीसा! मी ओरडलोच. मग ड्रोन खाली आणायला लागलो आणि निम्म्यात भिंत पुन्हा पट्ट्यापट्ट्यांची झाली. खाली येताना मोटरी मंदावतात, त्यांचा सूर उतरतो आणि उतरलेल्या फळीशी पुन्हा जुळतो. दुखणं बरं झालं नव्हतं, फक्त सरकलं होतं. पण जागा पक्की झाली. २० रुपयांत याहून चांगली तपासणी मला माहीत नाही.

२१ डिसेंबर

नवा ट्रे ३ मिलिमीटरचा. जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो. कॅमेरा मागे ओढून जवळजवळ चार बॉलच्या मधोमध आणला. फळीचा सूर आता प्रॉपच्या टप्प्यात येत नाही.

पण राहिलेली थरथर बॉलने अडवायला हवी, आणि तेच ते करत नव्हते. दुकानदाराने 'सगळ्याला चालतात' म्हणून दिलेले. घरच्या घरी असं तपासता येतं: ट्रेवर कॅमेरा ठेवल्यावर बॉल किती दबतात ते व्हर्नियरने मोजा. १५.८ला त्या मिलिमीटरच्या वर्गमुळाने भागा, म्हणजे बॉलची स्वतःची कंपनं हर्ट्झमध्ये मिळतात. माझे जेमतेम ०.१ मिमी दबत होते, म्हणजे ५०. आता ८२ची थरथर ५०च्या बॉलवर टाकली तर निम्म्याहून जास्त आरपार जाते. आणि थरथर बॉलच्या आकड्याच्या १.४ पटीखाली आली, तर बॉल ती अडवायच्या ऐवजी वाढवतो.

मऊ रबराचे बॉल आणले, ०.५ मिमी दबतात. म्हणजे २२ हर्ट्झ. हिशेबाने ८२चा बारावा भागच वर पोचायला हवा. रबर वेगाने हलवलं की हिशेबापेक्षा ताठ वागतं, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्त पोचत असेल.

तरी पहिल्या उड्डाणात बारीक पट्टे होतेच. कारण ऐकून हसाल. कॅमेऱ्याची व्हिडिओ वायर जाड होती आणि ताणून बसवलेली. चार मऊ बॉलच्या शेजारी हा पाचवा टणक खांब, सगळी थरथर त्यातून वर. पातळ सिलिकॉनची वायर सैल वेटोळं ठेवून लावली आणि खोलीच्या विटा अखेर सरळ रांगेत उभ्या राहिल्या. एकेक फ्रेम तपासली, वर जाताना, हॉवरला आणि खाली येतानाही.

एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळी काच, मी मुद्दाम अजून लावलेला नाही. उन्हात शटर सेकंदाच्या २०००व्या हिश्शावर असतं. एनडी१६ने ते १२५वर येतं आणि हालचालीच्या पुसटपणात जेलो लपतो. लपलेला जेलो शोधता येत नाही. व्हिडिओ स्टॅबिलायझेशनही याच कारणासाठी सगळे दिवस बंद होतं. आता दोन्ही लावून बघेन.

४ जानेवारी

सरळ खाली उतरताना ड्रोन स्वतःच्याच ढवळलेल्या हवेत लटपटतो, ते आहेच. पण तो जेलो नव्हे, ती अख्ख्या फ्रेमची हालचाल. तिरका उतरवला की जाते.

नवीन तक्रार गारठ्याची. सकाळी सातला उडवलं तर पहिल्या बॅटरीत हलके पट्टे, दहा वाजता काही नाही. हे बॉल थंडीत कडक होतात, बोटाने दाबलं तरी कळतं. सध्या बॉलसकट ट्रे सोडवून बागेत पोचेपर्यंत जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवतो आणि उडवायच्या आधी बसवतो. पहिली तीन-चार मिनिटं तरी साफ येतात.