डावीकडे कललेली गाडी

भांडुपच्या आमच्या सुतारकामाच्या वर्कशॉपवर व्हॅनिटी व्हॅन नेहमीच येतात. आरशाभोवतीची पट्टी बदला, सोफ्याखालचा कप्पा उखडलाय तो बसवा, असली किरकोळ कामं. या गाड्या शूटिंगसाठी फिल्म सिटीत नाहीतर मढला जाऊन दिवसभर उभ्या राहतात, त्यामुळे आतलं फर्निचर कसंही केलं तरी खपून जातं. मुलुंडच्या काका-काकूंची गाडी मात्र खरोखर फिरणारी. मिनीबसच्या चॅसीवर कुणीतरी फार पूर्वी बांधलेलं चाकांवरचं घर त्यांनी जुनं विकत घेतलं होतं. कोकणात नेहमीच, एकदा तर थेट हंपीपर्यंत जाऊन आलेले. मागणी एवढीच, की कपाटं नवी करून द्या.

निघता निघता काका म्हणाले, "गाडी जरा डावीकडे कलते, पण ते तुमचं काम नाही. गॅरेजवाल्याने त्या बाजूच्या स्प्रिंगला एक जादा पाटा घातलाय. तो म्हणतो, चॅसीच तशी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोडायला घेतलं. वरची कपाटं आधी. माझा जुना कारागीर मालवणचा आहे. त्याने पटाशी लावून कोपरा उचकटला, तर पटाशी आरपार. त्याने तो भुगा बोटांत चुरला आणि म्हणाला, "ह्यां प्लाय न्हय, चायत भिजलेलां बिस्कीट आसा."

पाणी कुठून आलं ते कपाट खाली आल्यावर कळलं. आधीच्या सुताराने कपाट बॉडीच्या रिबला, म्हणजे पत्र्यामागच्या आधाराच्या पट्टीला, धरलंच नव्हतं. दोन इंची स्क्रू थेट छतात मारले होते. मी टपावर चढून पाहिलं. पत्र्यातून स्क्रूची गंजलेली टोकं ओळीने वर आलेली, आणि प्रत्येकावर सिलिकॉनचा एकेक गोळा. मुंबईच्या उन्हात ते सिलिकॉन कधीच सुटलं होतं. प्रत्येक पावसाळ्यात त्या ओळीतून थेंब थेंब आत, आणि कपाटाची पाठ छताला चिकटलेली असल्यामुळे वाळायला वाराच नाही.

खालचा ओटा, फ्रीजचं कपाट आणि कपड्यांचं उभं कपाट, हे सगळं डाव्या अंगाला. अठरा एमएमचा कमर्शिअल प्लाय, आतून-बाहेरून सनमायका. बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये शोभावं असं दणकट काम. आठ बाय चारचा असा एक शीट तीस-पस्तीस किलोचा. दोन्ही बाजूंची सनमायका धरली की आणखी आठेक किलो. घराच्या भिंतीला याचं काही वाटत नाही. पाट्यांना वाटतं.

दुपारपर्यंत गाडी रिकामी झाली. कारागीर पाणी प्यायला बाहेर गेला आणि तिथूनच हाक मारली. गाडी मागून चांगली बोटभर उठली होती. आणि आता ती उजवीकडे कलली होती.

मी चाकांच्या कमानींपासून जमिनीपर्यंत टेप लावला. डावी बाजू खरंच उंच. म्हणजे चॅसीत दोष नव्हता. ओझं एका बाजूला, त्यावर उपाय म्हणून जादा पाटा, तरीही ओझं भारीच. शेजारच्या भंगारवाल्याकडे मोठा काटा आहे. सनमायका लावलेल्या प्लायला तो कवडी देत नाही, त्याला फक्त बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनल हवे. त्याला चहाला पैसे देऊन सगळा ढीग काट्यावर चढवला. तीनशे चाळीस किलोच्या आसपास भरला. पाच धडधाकट माणसं डावीकडे बसवून हंपीला जाऊन यावं, तसा हा प्रकार.

संध्याकाळी काका आले. ढीग बघून म्हणाले, "मग आता सातशेदहा मरीन लावा, पैशाचं बघू नका." हा गैरसमज सर्रास आढळतो. आयएस 710 हे मरीन प्लायचं मानक. त्याचा डिंक पाण्याला दाद देत नाही हे खरं, पण तो प्लाय वजनाला हलका नसतो, आणि कापलेल्या कडा उघड्या ठेवल्या तर त्याही पाणी पितात. मी मरीन प्लाय घेतला, पण बारा एमएमचा आणि फक्त सांगाड्यापुरता. दारं पोकळ केली. आत हलक्या लाकडाच्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना पातळ प्लाय. सगळ्या कडा सील केल्या. रिबमध्ये रिव्हनट, म्हणजे भोकात घट्ट बसणारे आट्यांचे नट, बसवून कपाटं बोल्टने धरली आणि पाठीमागे वाऱ्याला फट ठेवली. फ्रीज आणि कपड्यांचं कपाट उजवीकडे गेलं. छताची भोकं पॅच मारून बंद केली.

गाडीत ओळंबा आणि लेव्हल ही दोन्ही हत्यारं उपयोगाची नसतात, कारण गाडी स्वतःच सरळ उभी नसते. आम्ही फरशीला प्रमाण मानून गुण्या लावतो आणि भिंतीचा बाक पुठ्ठ्यावर उतरवून घेतो. सॉफ्ट क्लोज बिजागरी काकूंना आवडली होती, पण पहिल्याच खड्ड्यात तिचं दार उघडतं. दारूखाना भागात जहाजांच्या भंगारातून केबिनच्या कपाटांचे दाबायचे लॅच मिळाले. ते बटण दाबल्याशिवाय सुटत नाहीत. गॅसची बाटली सिंकखाली बंद पेटीत होती, त्यावर मात्र मी वाद घालत बसलो नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की तळाशी साचतो. आतून पेटी पूर्ण बंद केली, दार बाहेरून उघडणारं दिलं आणि तळाला हवेसाठी भोकं ठेवली.

ट्रायलला डब्यांत तांदूळ भरून गोरेगाव-मुलुंड लिंक रोडच्या खोदकामातून गाडी काढली. एकच दार उघडलं, सिंकच्या वरचं. लॅचची पट्टी किंचित सरकवली.

जादा पाटा त्याच गॅरेजवाल्याकडून काढून घेतला. काकांना तो टाकवेना. म्हणाले, "राहू दे मागच्या कपाटात, कधी लागला तर." मी तो उचलून वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभा केला आणि म्हटलं, लागला तर फोन करा, मी पाठवतो.